रिकाम्या आसनाची राखण

फँटसीतला देव रचणं सोपं असतं, त्याला चेहरा असला तर. चार हात द्या, हातात काहीतरी धारदार द्या, डोळ्यांच्या जागी निखारे द्या, काम भागतं. मी गेली दोन वर्षं चिमूरच्या घरात बसून जी कादंबरी लिहितोय, तिच्यातल्या लोकांचा देव निराकार आहे आणि गाडी तिथेच अडली. ज्याला रूपच नाही, त्याच्या देवळात ठेवायचं काय? लोक तोंड कुठे करतील? त्यांची पोरं देवाचं चित्र काय काढतील?

मोठ्यांनी काय केलंय ते बघितलं. टोल्किनच्या न्यूमेनॉर बेटावर मेनेलटार्मा नावाचा पर्वत आहे. एरू इलुवतारच्या पूजेची ती जागा, पण तिथे ना छप्पर, ना वेदी. माथ्यावर कुणी बोलायचं नाही. वर्षातून तीनदा राजा प्रार्थना करतो, तेवढाच आवाज. जॉर्ज मार्टिनच्या उत्तरेकडच्या जुन्या देवांना नावं नाहीत, पण झाडांच्या बुंध्यांवर चेहरे कोरलेत, म्हणजे शेवटी डोळे आलेच! मला सगळ्यांत पटली ती उर्सुला ले ग्विन. तिच्या 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये (१९७१) अनाम शक्तींचं एक सिंहासन आहे, रिकामं. त्याची भीती वाटते.

वाचताना राहून राहून वाटत होतं, रिकामं आसन तर मी लहानपणापासून बघतोय. कधी भीती वाटली नाही.

आमच्या भागात वाढलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. तुकडोजी महाराजांनी याच तालुक्यात, गोंदोड्याच्या जंगलात तपश्चर्या केली. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर पेटलं, त्यामागे त्यांची खंजिरीवरची भजनंही होती. महाराजांना तुरुंगात जावं लागलं. त्यांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली, 'ग्रामगीते'त तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. दिवस मावळताना लोक ओळीत बसतात. समोर पांढऱ्या चादरीचं आसन, तक्क्या, उदबत्ती. त्याला अधिष्ठान म्हणतात. मूळ कल्पनेत त्यावर कुणी नाही. कुठल्याही जातीधर्माच्या माणसाला समोर बसता यावं, म्हणून नाही.

गंमत म्हणजे याच गावात घोडायात्रेला बालाजी लाकडी घोड्यावर बसून मिरवतो आणि तीच माणसं तिथेही असतात. माझ्या आधीच्या खर्ड्यात निराकारवाले आणि मूर्तीवाले एकमेकांच्या जिवावर उठलेले होते. तो भाग मी काढला. फारच पुस्तकी होता.

जंगलाच्या बाजूला गेलं की आणखी जुनी रीत भेटते. गोंडांचा पेर्सा पेन, म्हणजे थोर देव. त्याची मूर्ती नसते. फ्यूरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांबद्दल १९४० च्या दशकात लिहून ठेवलंय: भाल्याचं लोखंडी पातं आणि चवरी, एवढ्याच वस्तू. त्या गावाबाहेर झाडावर ठेवायच्या आणि ठरलेल्या पूजेलाच खाली काढायच्या. फँटसी लिहिणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं असा तपशील आहे. मी तो उचलला नाही. ज्यांचा पेन आहे ती माणसं माझ्या वर्गात होती, बाजारात भेटतात. जी वस्तू ते स्वतःही एरवी बाहेर काढत नाहीत, ती मी शंभर रुपयांच्या ई-बुकात काढून दाखवणार? फक्त एक गोष्ट घेतली: बहुतेक वेळ देव दिसत नाही, आणि तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि पवनी. भिवापूरमार्गे गेलं की लागते. १९६९-७० च्या उत्खननात तिथे बौद्ध स्तूप उघडा पडला. त्या काळच्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात दाखवत नसत. झाड, पावलं, रिकामं आसन, एवढ्यावर भागवत. पुढे काही शतकांनी मूर्ती आलीच.

मला वाटतं, रिकामी जागा आपोआप रिकामी राहत नाही. अधिष्ठानावरही हल्ली अनेक ठिकाणी महाराजांचा फोटो दिसतो. मला त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. माणसाला प्रेमाच्या माणसाचं तोंड बघावंसं वाटतं. आजीला मात्र ते पटत नाही. "फोटो ठेवला का सारे फोटोकडंच पाह्यतेत बाबू," ती म्हणते, "मंग बाजूच्याकडं कोन पाह्यते?"

हे ऐकल्यावर मी कादंबरीत एक काम तयार केलं: आसनराखी. लोक फुलं, बाहुल्या, मेलेल्या नातलगांची चित्रं आणून ठेवतात. ती रोज रात्री सगळं उचलते आणि ज्याचं त्याला परत नेऊन देते. शिव्या खाते. तिचा स्वतःचा मुलगा गेला, त्याचा सदरा आसनावर ठेवायचा की नाही, यावर तीन प्रकरणं लिहून झालीत.

परवा नवीन प्रसंग लिहिला: दमलेली एक पोर त्या आसनावर झोपून जाते. आता शिक्षा काय? आजीला विचारलं.

"कायची शिक्षा? लेकरू आहे. झोपू द्याचं. उठलं का चादर झटकाची."

ती चादर धुवायची पाळी कुणाची, तेवढं अजून ठरायचंय.