खिडकी सोडण्यापूर्वी मोजून घ्यावे

कांजूरमार्गच्या माणसाला बोटीत चढायला शिकवावं लागत नाही. त्याच्या स्टेशनावर फास्ट गाडी थांबत नाही आणि स्लो गाडी थांबते ती थांबल्यासारखं करून निघून जाण्यासाठी. तेवढ्या वेळात तो डबा, पिशवी आणि छत्री यांच्यासह आत शिरतो. कधीकधी शेजाऱ्याची छत्रीही बरोबर नेतो. स्टेशनाच्या पूर्वेला मिठागरं आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी असल्यामुळे खारा वारासुद्धा त्याला नवा नाही. तेव्हा गेटवेच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढताना तो बिचकत नाही. घोटाळा होतो तो इथंच. लोकलच्या एका दाराला कितीही माणसं लोंबकळली तरी गाडी त्या बाजूला कलंडत नाही. लाँचला मात्र आपलं वजन कळतं.

गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला गेलेल्यांनी तिथली चढण्याची रीत पाहिलेली असेल. धक्क्याला एक लाँच, तिला खेटून दुसरी, दुसरीला खेटून तिसरी. आपली नेहमी तिसरी असते. या लाँचांचं आपसांत सख्य नसावं. एक वर जाते तेव्हा दुसरी हटकून खाली जाते. मधल्या फटीतून समुद्र आपल्याकडे बघत असतो. अशा वेळी खलाशी आपलं मनगट धरतो आणि म्हणतो, "टाका पाय!" कुठं, हे विचारायच्या आत पाय पडलेला असतो.

"अहो, आधी मला जाऊ द्या," आमची ही अशा वेळी म्हणते. "तुम्ही पडलात तर पिशवी कोण धरणार?"

काही वर्षांपूर्वी असेच आम्ही तिसऱ्या लाँचमध्ये जाऊन बसलो होतो. जॅकेटं छताला दोरीनं इतकी पक्की बांधली होती की, लाँच बुडाली तरी जॅकेटं सुखरूप राहावीत असा हेतू असावा. माणसं येतच होती. मी खलाशाला विचारलं, "किती झाले हो?"

"साहेब, अजून बसतील," तो म्हणाला.

मी आकडा विचारला होता. त्यानं मला आशावाद दिला.

मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यातून बँकेतला कारकून. संध्याकाळी रोख रकमेत दहा रुपयांचा फरक आला, तर आमच्या शाखेतले दिवे मालवत नाहीत. मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळे टेबलाखाली वाकून त्या दहा रुपयांचा शोध घेतात. दहा रुपयांसाठी एवढं, मग धक्क्यावरून जिवंत माणसं निघतात त्यांची मोजणी 'अजून बसतील' अशी का?

आमच्याकडे कोकणातल्या घरांत 'रामदास' हे नाव दोन कारणांनी घेतलं जातं. एक समर्थ, दुसरी बोट. १७ जुलै १९४७ ला, अमावास्येच्या सुमारास, ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वाटेत वादळी लाटांनी बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि सहाशेंहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला खबर लागली ती काही तासांनी, पोहत किनारा गाठलेल्यांकडून.

ही जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर १८ डिसेंबर २०२४ फार दूर नाही. त्या दिवशी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली. पंधरा माणसं गेली. टक्कर लाँचवरच्या गर्दीमुळे झाली नव्हती, हे खरं. पण परवाना ८४ प्रवाशांचा असताना वर शंभराहून अधिक माणसं होती, आणि ती नक्की किती, हा आकडा पुढं बदलत राहिला. ज्यांचा माणूस सापडत नव्हता, त्यांना असल्या हिशेबाचा काय आधार? त्यानंतर जॅकेट सक्तीचं झालं. आता ते अंगावर चढतं, फोटो निघतो आणि मग 'उकडतंय हो' म्हणून पुष्कळांच्या मांडीवर उतरतं. मांडी बुडत नाही अशी समजूत असावी.

सुधारणेला फार मोठी योजना लागते असंही नाही. इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराच्या खटपटीनं १८७६ साली जहाजाच्या कुशीवर रेघ मारण्याचा कायदा झाला. रेघ पाण्याखाली गेली की माल जास्त झाला. गंमत अशी की, रेघ कुठं मारायची हे आधी मालकावरच सोडलं होतं! म्हणजे खातेदारानं आपली ओव्हरड्राफ्टची मर्यादा आपणच लिहून आणायची. १८९० मध्ये ती सोय बंद झाली आणि मग कुठं रेघेला अर्थ आला.

आपल्या लाँचला तेवढंच हवं. दाराशी एक पाटी, तीवर खडूनं दोन आकडे: परवाना किती, चढले किती. मोजणारा माणूस लाँचमालकाचा नको, धक्क्याचा हवा. पाटीची एक नक्कल धक्क्यावर राहावी. दोर सोडण्यापूर्वी जॅकेटचे बंद बांधलेले असावेत, कारण लाटेत गाठ मारायला निवांतपणा मिळत नाही. आणि डॉल्फिन दिसला म्हणून अख्ख्या लाँचनं एका कडेला धाव घेऊ नये. डॉल्फिन पुन्हा दिसेल. खर्च म्हणाल तर एक पाटी, एक खडू आणि 'आता बस' म्हणण्याचं थोडं धैर्य. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, एवढीच अडचण.

आमच्या कॅशच्या खिडकीवर पाटी आहे: 'खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत. नंतर तक्रार चालणार नाही.' तीच पाटी थोडा शब्दांचा फरक करून धक्क्यावर लावायला हरकत नसावी. बँकेत मागाहून तक्रार ऐकायला कोणी नसतं. समुद्रात ती करायलाच कोणी उरत नाही.