दुसरा जुडगा

आमच्या शाखेत तिजोरीच्या खोलीला दोन कुलपं होती. एक किल्ली मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. रजेवर जाणाऱ्याने आपली किल्ली आपल्या जागी काम बघणाऱ्याच्या हवाली करायची, रजिस्टरात दोघांनी सह्या करायच्या, तारीख-वेळ घालायची. शिवाय सगळ्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटात घालून दुसऱ्या शाखेत ठेवलेला असायचा. साहेबांचं रात्रीत काही बरंवाईट झालं तर रडायला सगळे मोकळे, पण सकाळी काउंटर वेळेवर उघडलंच पाहिजे.

मी क्लार्क म्हणून लागले तेव्हा सगळा कारभार लेजरांवर चालायचा. बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, संघटनांशी करारमदार झाले आणि हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊन बसली. यंत्राबरोबर पासवर्ड आला. क्लार्कने नोंद करायची, ऑफिसरने आपल्या पासवर्डने ती पास करायची. एकाच हाताने दोन्ही कामं होऊ नयेत म्हणून ही योजना. कागदावर ती तिजोरीच्या दोन किल्ल्यांइतकीच पक्की होती. प्रत्यक्षात पगाराच्या दिवशी गर्दी उसळली आणि साहेब फोनवर अडकले की केबिनमधून आवाज यायचा, ‘अरे, तेवढं माझ्या नावाने पास करून टाका रे कुणीतरी!’ साहेबांचा पासवर्ड म्हणजे साहेबांच्या मुलीचं नाव, हे शिपायालाही ठाऊक. मुलीचं लग्न झालं तेव्हा वरून आलेल्या सर्क्युलरमुळे पासवर्ड बदलावा लागला, तर नवा निघाला जावयाचं नाव. लोखंडी किल्ली देताना सही घेणारी माणसं पासवर्ड असा तोंडी वाटायची. ज्याचं हाताला वजन लागत नाही त्याची जोखीम वाटत नाही, दुसरं काय!

हे काही आपल्याकडचंच दुखणं नव्हे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९६१ च्या सुमाराला फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. एकच मोठा संगणक, त्यावर एकाच वेळी अनेकांचं काम. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, वापराचा वेळही ठरवून दिलेला; म्हणून माणूस ओळखायला पासवर्ड. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आपला वेळ पुरेना. त्याने पासवर्डांची अख्खी यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या वेळात काम उरकलं. पुढे १९६६ मध्ये एका गफलतीमुळे लॉग इन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या संदेशाच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. बाळाचे पाय पाळण्यातच दिसले होते म्हणायचे.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो विंडोज ९८ चा. हॉलमध्ये टीव्हीशेजारी, वर सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. सुरू केला की नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट यायची, आणि ‘कॅन्सल’ दाबलं की यंत्र मुकाट्याने उघडायचं. ‘ह्याला काय कुलूप म्हणायचं?’ असं आमचे हे म्हणायचे. ते कुलूप नव्हतंच. नेटवर्कवर येणारा हा कोण, त्याच्या आवडीनिवडी काय, एवढीच त्या चौकटीची चौकशी असायची. आतल्या फायलींवर पहारा देणं तिच्याकडे नव्हतंच. आणि घराला तेवढं पुरत होतं, कारण कॉम्प्युटर सगळ्या घराचा होता.

मग एक्सपी आलं. ते बाजारात आलं २००१ मध्ये, आमच्याकडे बरंच नंतर. पडद्यावर घरातल्या माणसांची नावं ओळीने उभी राहिली, प्रत्येकापुढे एक चित्र. मुलाने फुटबॉल घेतला, मुलीने फुलपाखरू, ह्यांनी बुद्धिबळाची सोंगटी, आणि सासूबाईंच्या वाट्याला पिवळं रबरी बदक आलं. ते त्यांना फार आवडलं. त्या स्वतः कधी लॉग इन झाल्या नाहीत, पण आपलं बदक जागेवर आहे ना, हे येता-जाता बघायच्या. मुलांनी आपापल्या नावाला पासवर्ड घातले ते दहावीच्या सुमाराला. आमच्या घरात तोवर खोलीच्या दाराला आतून कडी लावायची पद्धत नव्हती.

निवृत्तीनंतर आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहायला आलो. मुलं लांब. सोसायटीत आमच्यासारखीच बरीच घरं, जिथे मुलाने जाताना दिलेला कॉम्प्युटर आहे आणि तो चालवून दाखवणारं कोणी नाही. ‘काकू, मशीन आत घेत नाहीये,’ असा फोन येतो. मी चष्मा घेऊन जाते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला एक सवय आहे: खातेदार म्हणाला पैसे गायब, तरी आधी स्लिप बघायची. इथेही ‘पासवर्ड चुकीचा’ असं यंत्र म्हणालं तरी पासवर्डाला हात लावायच्या आधी मी कीबोर्ड बघते.

निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. कॅप्स लॉकचा दिवा लागलेला असतो. नाहीतर बाजूच्या आकड्यांच्या बटणांवरून पासवर्ड घालताना नम लॉक बंद असतो, आणि आकडे उमटतच नाहीत. पण माझा आवडता घोटाळा वेगळा आहे. शेजारचे निवृत्त मराठीचे सर. आठवणी लिहायच्या म्हणून त्यांनी भाच्याकडून मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड घालून घेतला, आणि दुसऱ्या सकाळी त्यांचं यंत्र त्यांना ओळखेना. सर हवालदिल. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण काय लिहितोय ते कळत नाही. वास्तविक यंत्र आता मराठी लिहीत होतं. इन्स्क्रिप्टमध्ये प्रत्येक इंग्रजी बटणावर एक देवनागरी खूण बसवलेली असते. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे ‘कृष्णा’ची बटणं दाबली तर उमटतं ‘कीगेपलो’. सरांनी जन्मभर शुद्धलेखनाचे तास घेतलेले. कागदावर हे लिहून दाखवलं तेव्हा ते आधी दचकले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. तिच्यावर टिचकी मारून इंग्रजी निवडलं की काम झालं. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चित्र असेल तर ते दाबून अक्षरं बघताही येतात. दारात अडकलेल्याने सगळ्यात आधी तो डोळा शोधावा.

दुसरं एक कारण कुणाच्या स्वप्नातही येत नाही. मुलीकडे अमेरिकेला जाऊन सहा महिन्यांनी परत आलेलं जोडपं. निघताना सगळे प्लग काढून ठेवलेले. कॉम्प्युटर सुरू झाला, आतही घेतलं, पण जीमेल उघडेना, बँकेची साईट उघडेना, सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. मुलीने तिकडून फोनवर तासभर खटपट केली. मी खाली उजव्या कोपऱ्यात पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, वीज नसताना घड्याळ चालतं ते त्याच्यावर. तो संपला होता. प्रत्येक साईट आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर ‘ह्या तारखेपासून ह्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. यंत्राच्या मते ती मुदत अजून सुरूच व्हायची होती. पुढच्या तारखेचा चेक आम्हीही असाच परत करायचो. सेल बदलला, तारीख लावली, दोघं परत वर्तमानात आले.

अलीकडे मात्र प्रश्नाचं रूप पालटलंय. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, घरच्या यंत्राचं कुलूप इंटरनेटवरच्या खात्याशी जोडता येऊ लागलं. त्याच्या जोडीला आला चार आकड्यांचा पिन. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, पासवर्ड खात्याचा असतो, दोन्ही वेगळे. रोज पिन दाबून आत जाणारा माणूस पासवर्ड साफ विसरतो, मुळात तो होता हेही विसरतो. मग एखाद्या अपडेटनंतर यंत्र म्हणतं, पिन चालणार नाही, पासवर्ड द्या. तो आठवत नाही म्हटल्यावर कोड पाठवतं, आणि कोड जातो खातं काढताना दिलेल्या मोबाइलवर. तो नंबर कधीच सुटलेला असतो. रिचार्ज न केलेला नंबर कंपनी काही काळाने बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देते. आपल्या घराची किल्ली कुण्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजते आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

जुन्या खात्यांना ‘गुप्त प्रश्न’ असायचे. आईचं माहेरचं आडनाव काय? आमच्याकडे ते अख्ख्या भावकीला ठाऊक, लग्नपत्रिकेत छापलेलं. पहिल्या शाळेचं नाव काय? आमच्या पिढीतल्या निम्म्या जणांचं उत्तर ‘जीवन शिक्षण मंदिर’. गुप्तता अशी वाऱ्यावर, आणि तरी ज्याचं खातं त्यालाच उत्तर देता येत नाही, कारण ‘जीवन’चं इंग्रजी स्पेलिंग त्या दिवशी दोन ‘ई’ घालून केलं होतं की एक ‘आय’ घालून, हे कुणाच्या लक्षात असणार?

पासवर्ड सतत बदला, त्यात चिन्हं घाला, आकडे घाला, हा जाचही आम्ही बँकेत भोगला. त्याचं उगमस्थान बऱ्याच अंशी एका दस्तऐवजात आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत बिल बर यांनी २००३ मध्ये तो लिहिला. २०१७ मध्ये त्यांनीच आपल्याला त्याचा पस्तावा होतो असं सांगितलं, आणि संस्थेनेही पवित्रा बदलला: पासवर्ड लांब असावा, तो फुटल्याची शंका नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये. लोक नाहीतरी जुन्याच शब्दापुढे महिन्याचं नाव जोडत होते. आमच्या शाखेत मार्चअखेरीस सगळ्यांचा पासवर्ड कुठे संपत असेल ते सांगायला ज्योतिषी नको होता.

आता भावजींची गोष्ट, कारण त्यांच्यामुळेच हे लिहायला बसले. माझे थोरले दीर. शिस्तीचे, टापटिपीचे. घराण्याची वंशावळ, गावच्या जमिनीचे उतारे स्कॅन करून ठेवलेले, ठेवींचा तक्ता, नातवंडांचे फोटो, सगळं लॅपटॉपवर. गेल्या पावसाळ्यात ते अचानक गेले. तेराव्यानंतर पुतण्याने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. पिन कुणालाच माहीत नाही. दुकानदार म्हणाला डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावू; लावली, तर तिने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि ही की मालकाच्या इंटरनेट खात्यात जाऊन बसते. त्या खात्याचा कोड भावजींच्या मोबाइलवर येणार. आणि ते सिम सुनेने दहाव्याच्या आधीच बंद करून टाकलं होतं, फोन वाजला की तिच्या सासूबाई दचकतात म्हणून.

तिचं काही चुकलं नाही. यंत्राचंही नाही, परक्याला आत घ्यायचं नाही हे काम त्याने चोख केलं. परका आणि वारस यांतला फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता. उतारे तलाठी कचेरीतून नव्याने काढले. ठेवी बँकांतून फिरून शोधल्या. वंशावळीचं मात्र शेवटचं हस्तलिखित सापडलं ते बऱ्याच वर्षांपूर्वीचं, त्यात धाकट्या नातवंडांची नावंच नाहीत.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे: पासवर्ड लिहून ठेवावेत. बँकेने मला जन्मभर उलट शिकवलं, आणि कचेरीत ते बरोबरच होतं. मॉनिटरला डकवलेली चिठ्ठी म्हणजे तिजोरीच्या दाराला लटकवलेली किल्ली. पण घरच्या कपाटातली वही वाचायला दूरदेशीचा भामटा येऊ शकत नाही. तो फोनवर येतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणतो आणि ओटीपी मागतो. त्याला काही सांगू नये, आणि सांगून बसलाच असाल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

मोठ्या कंपन्यांनाही दुसऱ्या जुडग्याची गरज उमगलीय. गूगलच्या खात्यात २०१३ पासून अशी सोय आहे की तुम्ही बराच काळ फिरकला नाहीत तर ठरवून दिलेल्या माणसाला तुमची माहिती मिळते. ॲपलने २०२१ मध्ये वारसदार नेमायची सोय केली. ह्या सोयी आपणहून चालू कराव्या लागतात, आणि त्या जिवंतपणीच कराव्या लागतात.

तेव्हा एक साधी वही घ्या. त्यात यंत्राचा पिन, ज्या खात्याशी ते जोडलंय त्याचा ई-मेल आणि पासवर्ड, कोड कुठल्या मोबाइलवर येतो तो नंबर, आणि ती ४८ आकडी की लिहा. वही ठेवींच्या पावत्यांजवळ ठेवा आणि ती कुठे आहे ते घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगा. कुणी गेलं तर त्यांचं सिम निदान वर्षभर चालू ठेवा. फोन वाजून त्रास होत असेल तर आवाज बंद करा, नंबर नको.