बोलून जिंकलेली लढाई
सुट्टीत मामाच्या घरी दादाने मला ‘फॉलआउट’ हा व्हिडिओ गेम दाखवला. तो १९९७ साली अमेरिकेत निघाला. त्यात अणुयुद्धानंतरच्या जगाची गोष्ट आहे. लढाई आळीपाळीने होते. आपल्या पाळीला मोजकेच गुण मिळतात. चालणे, गोळी झाडणे, सगळे त्यातच भागवायचे.

शेवटी ‘मास्टर’ नावाचा शत्रू भेटतो. त्याला सगळ्या माणसांचे राक्षस करायचे असतात. पण दादा काही लढलाच नाही! त्या राक्षसांना मुले होत नाहीत, याचा पुरावा त्याने मास्टरला दाखवला. मास्टरने बेत सोडला. नुसतं गोड बोलून भागत नाही, आधी पुरावा शोधावा लागतो.

आमचे बाबा आणि काका बांधावरून बोलत नाहीत. मला वाटतं, त्यांनी मोजणीचा नकाशा घेऊन एकदा समोरासमोर बसावं.

– इयत्ता ७ वी