बुक्का, गुलाल आणि कॅसिओ

आळंदी,
कार्तिकी उलटून आठवडा झाला

प्रिय बाळ्या,

तुझा निरोप मिळाला. "इथे हार्ड ऑफ नावाचं जुन्या सामानाचं दुकान आहे, तुझ्या कामाचं काही दिसलं तर पाठवू का?" असं विचारतोस! दिंडीत निघालेल्याला "पंढरपूरला येणार का" असं कुणी विचारतं का रे? तू जपानात, हामामात्सूत राहतोस. यामाहा तिथली, कावाई तिथली, रोलँडचं मुख्यालयही तिथंच. आणि तू तिथे जाऊन गाड्यांचे ब्रेक तपासत बसलायस. असो, पोटापाण्याला कुणी चुकलंय? मीसुद्धा चाकणच्या शेडमध्ये रात्रपाळीला दुसऱ्यांचे सेन्सरच पुसतो.

आधी बातमी. मला कॅसिओ मिळाला. हसू नकोस, खराखुरा कॅसिओ. आपल्याकडे यामाहाही कॅसिओ, रोलँडही कॅसिओ, आणि ते वाजवणारा पोरगा "कॅसिओवाला". त्यामुळे मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला ऑर्केस्ट्रावाले मामा "जुना कॅसिओ विकायचाय" म्हणाले तेव्हा मी फार मनावर घेतलं नाही. मग त्यांनी रेक्झिनची पिशवी उघडली. आत बोटभर लांबीच्या ४९ पट्ट्या आणि कोपऱ्यात 'सीझेड-१०१'. १९८४ सालचं मॉडेल! कुणीतरी दुबईहून आणलं होतं म्हणे. मामांना वाटलं, पट्ट्या लहान म्हणजे खेळणं. मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला आणि भंगारापेक्षा थोडे जास्त पैसे दिले. ही लबाडी मला अजून टोचते. म्हणून त्यांचा चालू कीबोर्ड आता मी फुकट दुरुस्त करतो.

घरी आणून मागचे स्क्रू काढले. काय सांगू, आत अख्खी आळंदी होती. वरच्या थरात गुलाल, त्याखाली काळा बुक्का, त्यात अडकलेल्या अक्षता आणि चमकीचा एक तुकडा. गणपती, भजन, लग्न, पुन्हा गणपती. झाडाची वर्षं वलयांवरून मोजतात तसा याचा हिशेब लावता आला असता. सेलच्या खणात सहा मोठे सेल फुटून हिरवे झाले होते. प्रत्येक पट्टीखाली रबराची एक टोपी असते आणि तिच्या पोटाला कार्बनची काळी टिकली. पट्टी दाबली की ती टिकली खालच्या सर्किटच्या रेघांना टेकते आणि सूर निघतो. त्या टिकल्यांवर बुक्का. काळ्यावर काळं, डोळ्याला दिसतही नाही! कानकोरण्याच्या कापसाला आयसोप्रोपिल लावून दोन रविवार एकेक टिकली पुसली. बायको म्हणाली, "देव्हाऱ्यातली भांडी कधी एवढ्या भक्तीने घासली नाहीत." तिचं बरोबर आहे.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून साडेतीनशे रुपयांचा अ‍ॅडाप्टर आणला. नशीब, लावण्याआधी मीटर धरला. आपल्याकडच्या पिनेचा मधला भाग अधिक असतो, कॅसिओला तो उणे लागतो. वायर कापून उलटी जोडली. लाल दिवा लागला आणि पहिला सूर आला तो थेट काचेच्या घंटेसारखा.

हे यंत्र आवाज कसं घडवतं ते ऐक. त्याच्या स्मृतीत एक साधी गोल लाट साठवलेली असते. ती एकसारख्या वेगाने वाचली तर बासरीसारखा मऊ सूर येतो. पण प्रत्येक फेरीत अर्धी लाट भरभर आणि उरलेली रेंगाळत वाचली, की तीच लाट टोकदार होते आणि सुराला धार येते. एकच ओवी, दोन चरण धावत म्हणायचे आणि पुढच्यावर टेकायचं. अक्षरं तीच राहतात, चाल बदलते. रोलँड-यामाहाच्या महागड्या यंत्रांपुढे गणकयंत्रं बनवणाऱ्या कंपनीने काढलेली ही पळवाट मला फार आवडते.

पण माझा जीव अडकलाय तो एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्यात. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत पेटी ऐकू येते. पेटीवर माझं प्रेम आहे, पण तिला मींड येत नाही. ती पायऱ्या चढते, घसरगुंडी तिला जमत नाही. याच कारणावरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दारं बंद केली, ती १९७१ मध्ये जराशी किलकिली झाली. कीर्तनकारांनी मात्र त्या बंदीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाणारा गळ्याने मींड घेतो, पेटी मागून पायऱ्या मोजत येते, आणि सगळं छान जमतं.

विजेची पेटीही इथे नवी नाही. 'नागिन'मधली बीन आठव. १९५४ चा सिनेमा. गावोगावचे नाग डोलले म्हणतात, पण ती बीन नव्हतीच, कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाचा फ्रेंच कीबोर्ड वाजवला होता. सिंथेसायझर परका वाटणाऱ्यांना मी हेच ऐकवतो. तुझी आजी त्याच्यावर डोलली होती रे!

आणि चरणजित सिंग. हिंदी सिनेमात गिटार वाजवणारा माणूस, लग्नांतही त्यांचा ऑर्केस्ट्रा असायचा. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जोडली. ठेक्याला टीआर-८०८, खर्जात टीबी-३०३, वर ज्युपिटर-८. भैरव, ललित, भूपाळी, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. ती काही चालली नाही. ३०३ ही कंपनीने एकट्या गिटारवाल्याला साथीला बास हवा म्हणून काढली होती, पण बास काही तिला जमेना. १९८४ मध्ये बंदच पडली. पुढे शिकागोच्या पोरांना ती मोडीच्या भावात मिळाली आणि १९८७ च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पासून नाचाच्या संगीताचा एक नवा पंथच निघाला. त्या आवाजाचं मर्म म्हणजे घसरण. ज्या स्वराला खूण केली तो नवा आघात न करता पुढच्या स्वरावर सरकतो. शिकागोच्या पाच वर्षं आधी एका लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याने ती खूण मींडेसाठी वापरली होती! २०१० मध्ये हॉलंडहून तबकडी पुन्हा निघाली तेव्हा त्यांची सत्तरी आली होती. मग परदेशात कार्यक्रम झाले. २०१५ मध्ये गेले.

मूळ ३०३ आता लाखांच्या भावात जाते. घेणारे काचेच्या कपाटात ठेवतात. मला ते बघवत नाही. मी रोलँडची नवी टी-८ घेतली, २०२२ मध्ये आलेली. तळहाताएवढी, मोबाइलच्या चार्जरवर चालते, आणि आत ८०८ चे ठेके व ३०३ चा खर्ज दोन्ही. जाणकार नाक मुरडतात. मुरडू देत.

शेजारी पखवाज शिकणारा एक पोरगा राहतो, बीडकडचा, पंधरा-सोळा वर्षांचा. परवा आवाज ऐकून वर आला. मी ८०८ चा तो लांबणारा ढुम्म लावला. त्याने मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, "काका, कणीक जास्त झालीय." मी बघतच राहिलो. पखवाजाच्या धुमेला कणकेचा गोळा जास्त थापला की घुमारा असाच जड होतो. मी त्याला नादाची लांबी कमी करायची कळ दाखवली. जरा फिरवली. "अजून थोडी काढा." अजून फिरवली. "हां, आता बोट उठतंय." बाळ्या, इंग्रजी पुस्तकातली तीन पानं त्या पोराने एका वाक्यात उडवली. मग सीझेडवर काळी चार धरून बसला आणि पिच-बेंडचं चाक फिरवत, आपल्याच षड्जाला सुरावर आणायचा नाद करत राहिला. त्याच्या गुरुजींना कळवू नको म्हणाला. त्यांना आवडेल की नाही, मला सांगता येणार नाही. रेड्याच्या तोंडून वेद ऐकलेल्या देवाच्या गावात यंत्र गायलं तर कुणी दचकायला नको खरं.

तर आता पाठवायचं काय. रोलँडचा ज्युनो-१०६ दिसला तर उडी मारू नकोस. एकाच वेळी सहा पट्ट्या दाबून धर, मग वेगळ्या सहा. एखादा सूर मुका किंवा खरखरता निघाला तर सोडून दे, त्याच्या आतल्या चिपा डिंकात बुडवलेल्या असतात आणि मरतात. त्यापेक्षा 'जंक' लिहिलेला डबा बघ. त्यात कॅसिओचा एडी-५ अ‍ॅडाप्टर मिळाला तर माझी कापलेली वायर सुटेल.

आणि जे पाठवशील त्यावर मोठ्या अक्षरांत "१०० व्होल्ट" लिही. गेल्या दिवाळीत तू आणलेली ती ठेक्याची पेटी मी भाविकपणे आपल्या २३० मध्ये खुपसली होती. तुला म्हणालो होतो, वाहतुकीत बिघडली. खोटं बोललो.

तुझा,
कॅसिओवाला