आठवे काडतूस

गेल्या गळीत हंगामात आम्ही सोमेश्वरनगरास भाच्याकडे मुक्कामास होतो. बिबट्याच्या भयाने रात्री उसाला पाणी देणे त्यास अवघड झाले होते. बिबट्या मारणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे हे तो जाणत होता. त्यास हवा होता केवळ धाक. “मामा, अमेरिकेत लष्कराच्या जुन्या रायफली लोकांना विकत मिळतात. आपल्या थ्री-नॉट-थ्री शेतकऱ्याला का देऊ नयेत?”

ती बोअर आपल्याकडे नागरिकास निषिद्ध आहे, एवढेच उत्तर आम्हांस सुचले. मनातून मात्र त्याचे म्हणणे पटले होते.

शेजारचे निवृत्त सुभेदार ऐकत होते. ते म्हणाले, “बाळ, पलटणीत रायफल रोज शस्त्रागारात जमा व्हायची. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळीसुद्धा मोजून द्यावी लागे. घरी कोण मोजणार?”

१९६३ साली टपालाने मागविलेल्या, जेमतेम २१ डॉलरांच्या जुन्या इटालियन लष्करी रायफलीने राष्ट्राध्यक्ष केनेडींचा बळी घेतला. अशा टपाली विक्रीस बंदी होण्यास १९६८ साल उजाडले. सरकारने बंदूक विकली. तिच्यामागची मोजदाद मात्र विकता आली नाही.

असो. घरी परतताच वडिलांकडून आमच्या नावावर आलेली बाराबोर आम्ही कपाटातून काढली. वहीत नोंद आठ काडतुसांची होती, निघाली सात.


आठव्याचा हिशेब आम्हांस अद्याप देता आलेला नाही.