पाठ न सोडणारी नोंद

तिचा जन्म बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला होतो. मागचा दिवा फुटलाय म्हणून पोलीस गाडी थांबवतात, काच खाली होते, वास येतो आणि डॅशबोर्डच्या खणातून प्लास्टिकची पुडी निघते. आत थोडासा गांजा. ठाण्यावर बोटांचे ठसे घेतले की अमेरिकेच्या गुन्हे दप्तरात तिची एक ओळ उमटते. कॅलिफोर्नियात बाळगल्याचं कलम ११३५७, तेच तिचं नाव. मग प्रती निघतात. एक कोर्टात, एक राज्याच्या दप्तरी, एक वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला एफबीआयकडे आणि कितीतरी खासगी चौकशी कंपन्यांकडे.

स्वभावानं ती अबोल. वर्षानुवर्षं हूं की चूं करत नाही. पण तिचा माणूस नर्सिंगच्या परवान्यासाठी अर्ज करतो, भाड्याचं घर बघायला जातो, तेव्हा त्याच्या आधी तीच तोंड उघडते. तो आता दोन लेकरांचा बाप आहे, एका नोकरीत टिकून आहे, याची तिला खबरच नसते. चित्रगुप्ताच्या वहीत निदान पुण्यही लिहिलेलं असतं. हिच्यापाशी ते पानच नाही.

२००७ साली देशभरात गांजापायी पावणेनऊ लाखांच्या आसपास अटका झाल्या, बहुतेक नुसता जवळ बाळगल्याबद्दल. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेनं २०१० चे आकडे तपासले. गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्यांत आणि कृष्णवर्णीयांत जवळपास सारखं होतं, पण अटकेचं प्रमाण कृष्णवर्णीयांत पावणेचार पट निघालं. ही नोंद कुणाच्या वाट्याला येणार, हे पोलिसांची गस्त कुठल्या वस्तीत फिरते यावर ठरत होतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये कोलोरॅडोनं मतदान घेऊन प्रौढांना गांजा खुला केला आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. आता गुन्हे बोकाळतील, अशी धास्ती होती. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांचे आकडे २०१९ मध्ये अभ्यासकांनी मांडले, तेव्हा हिंसक किंवा मालमत्तेच्या गुन्ह्यांवर टिकाऊ परिणाम दिसला नाही. गांजाच्या अटका मात्र झपाट्यानं घसरल्या. नव्या ओळी थांबल्या, जुन्या तशाच राहिल्या. मला खुपतं ते हेच. डेन्व्हरमध्ये एकविशी पार केलेला कुणीही दुकानातून माल घेऊन उजळ माथ्यानं बाहेर पडत होता, आणि औंसभर किंवा त्याहून कमी गांजासाठी झालेल्या २,७३२ शिक्षांना गव्हर्नरांची माफी मिळाली ती १ ऑक्टोबर २०२० ला!

कॅलिफोर्नियानं २०१६ च्या कायद्यात नोंद पुसायची सोय ठेवली, पण त्यासाठी वकील गाठायचा, अर्ज भरायचा, कोर्टात खेटे घालायचे. हातावर पोट असलेल्याला हे कुठून जमणार? फार थोडे पुढे आले. मग सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी कुणी अर्ज करायची वाट न पाहता स्वतःच दप्तर उघडलं. हातानं चाळायला महिनोन्‌महिने लागत होते. कोड फॉर अमेरिका या संस्थेचं सॉफ्टवेअर आलं आणि काम मिनिटांवर आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये आकडा जाहीर झाला: १९७५ पासूनच्या ९,३६२ शिक्षा. इलिनॉयनं तर जुन्या अटकांच्या नोंदी पुसायचं काम कायद्यातच सरकारवर सोपवलं. गांजा खुला करणाऱ्या प्रत्येक राज्यानं पहिलं कलम हेच लिहायला हवं होतं.

परक्या देशातून आलेल्यांशी ती जास्तच कठोर वागते. राज्यानं पुसलेली शिक्षा इमिग्रेशन खातं सहसा पुसलेली मानत नाही, कारण व्हिसा केंद्र सरकार देतं आणि केंद्राच्या कायद्यात हौसेखातर गांजा ओढणं अजूनही गुन्हाच आहे. एमएसला गेलेल्या मुलीला, ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या भावाला घरच्यांनी हे स्पष्ट सांगावं. कोपऱ्यावरचं दुकान कायदेशीर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शिक्षा झालेली नसली तरी अधिकाऱ्यासमोर 'हो, ओढला होता' एवढी कबुलीही पुढचे कागद अडवू शकते.