वेतनपत्रकाचा अन्वय

मुलगा नोकरीस लागला म्हणजे त्याला पगार किती, हे वडील मंडळींपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वजण विचारतात. परंतु तो पगार कोणकोणत्या रकमांचा बनलेला आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पूर्वी तिची फारशी गरजही नव्हती. सालदाराचे साल ठरे आणि ठरले तेवढे त्याच्या पदरात पडे. हल्ली खाजगी नोकरीत ठरतो एक आकडा, पत्रकात दिसतो दुसरा आणि बँकेत जमा होतो तिसरा. या तिहींमधील अंतर ज्यांस उलगडत नाही, त्यांच्या घरात विनाकारण संशय शिरतो.

माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास एका खाजगी कंपनीत लागले. महिना 24,000 रुपये ही वार्ता मूर्तिजापुरातील आमच्या सर्व आप्तेष्टांस दोन दिवसांत कळली. पहिला महिना पूर्ण भरल्यावर खात्यात जमा झाले 20,200. मिळवत्या प्रत्येकाने घरखर्चास आपला वाटा द्यावयाचा, असा आमच्या एकत्र कुटुंबाचा रिवाज आहे. तेव्हा उरलेल्या 3,800 रुपयांची चर्चा स्वयंपाकघरात सुरू झाली. कोणी म्हणाले, कंपनीने फसविले. कोणी उघड न बोलता असे सुचविले की, पोरानेच ते मागे ठेवले असावेत. हा दुसरा तर्क मुलाच्या कानी गेला व त्याच्या मनाला फार लागला. त्याने आपले वेतनपत्रक मजकडे धाडून लिहिले, "मोठे बाबा, यातले अर्धे शब्द मलाच कळत नाहीत, मी घरी काय सांगू?"

कठीण श्लोक समोर आला की आपण त्याचा अन्वय लावतो. कोणते पद कोणाशी जाते ते पाहतो. पत्रकालाही मी तीच रीत लावली. प्रत्येक रकमेस तीन प्रश्न विचारावयाचे: ही कोणी दिली, कोणाकडे गेली, आणि कोणाच्या नावावर राहिली?

पत्रकाच्या एका बाजूस मूळ वेतन 15,000, घरभाडे भत्ता 6,000 व इतर भत्ते 1,200, मिळून 22,200 रुपये होते. मग 24,000 कोठून आले? नेमणुकीच्या वेळी सांगतात तो आकडा पुष्कळदा 'सी. टी. सी.'चा, म्हणजे त्या माणसाकरिता मालकास येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. त्यात भविष्य निर्वाह निधीतील, ज्याला सर्वजण पी. एफ. म्हणतात त्यातील, मालकाचा 1,800 रुपयांचा वाटाही धरलेला होता.

दुसऱ्या बाजूस कपात. पहिली कपात त्याच निधीची. 1952 सालच्या कायद्याने ही योजना देशात रूढ झाली. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या शेकडा 12 प्रमाणे नोकराचे 1,800 आणि तितकेच मालकाचे. मालकाच्या रकमेतून शेकडा 8.33 प्रमाणे 1,250 रुपये 1995 साली सुरू झालेल्या निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात. बाकीचे 550 व नोकराचे 1,800 मिळून 2,350 रुपये दरमहा मुलाच्याच खात्यावर साठतात व त्यांवर व्याज चढते.

आमचे गाव जंक्शनचे. यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला येथूनच सुटत असे. मुंबईच्या गाडीतून येथे उतरून दुसऱ्या गाडीत बसणारा उतारू काही हरवत नसे. या 3,600 रुपयांचेही तसेच आहे. त्यांचा मार्ग तेवढा बदलला.

राहिले 200 रुपये, तो व्यवसायकर. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेस पैसा मिळावा, या हेतूने महाराष्ट्राने हा कर 1975 साली बसविला. दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. याहून अधिक घेण्यास राज्यघटनेचीच मनाई आहे. महिना 25,000 पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांस एप्रिल 2023 पासून तो माफ आहे, हे नोकरी करणाऱ्या लेकीसुनांनी ध्यानात ठेवावे.

हा हिशेब मी घरी सर्वांसमक्ष वाचून दाखविला. मातोश्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे पोरानं लपवलं नाही, साठवलं." त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

निवृत्तिवेतनाचे 1,250 रुपये तरुणांस दूरचे वाटतात. परंतु नोकरीत असता सभासद दगावला, तर त्याच योजनेतून विधवेस व मुलांस वेतन मिळते. कौटिल्याने अर्थशास्त्रात सेवकांची वेतने सांगताना, कामावर असता मेलेल्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन द्यावे, असे विधान केले आहे. पत्रकातील या रुक्ष ओळीमागे तोच जुना विचार उभा आहे.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. कापलेली रक्कम खरोखरच भरली गेली की नाही, हे आपल्या बारा आकडी यू. ए. एन. क्रमांकावरून पासबुकात दर महिन्यास पाहावे; पत्रकात कपात दिसली एवढ्यावर स्वस्थ बसू नये. वारसाचे नाव पहिल्याच महिन्यात नोंदवावे व लग्न झाल्यावर पुन्हा नोंदवावे. नोकरी बदलताना पैसे काढून न घेता खाते नव्या ठिकाणी वळते करावे, कारण निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा लागते आणि तुटक सेवा अशानेच जोडली जाते. वेतन 21,000 च्या आत असल्यास राज्य विमा योजनेची शेकडा पाऊण कपात दिसते. तिच्या मोबदल्यात कुटुंबास औषधोपचार मिळतात, तेव्हा तिचे कार्ड मागून घ्यावे.

आणि वडील मंडळींस एक विनंती. मुलाचा पगार चारचौघांत सांगण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून पत्रक एकदा वाचावे. न कळलेली ओळ त्याने कचेरीत विचारावी, आणि विचारण्यात कमीपणा नाही, हे त्याला आपण सांगावे.